त्रेसष्ट नंबरचा थर

डोळा पूर्ण होता.

कस्तुरी पोवारने पडद्यावरचं चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं, मग चष्मा काढून ओढणीला पुसला. डोळा तरीही पूर्णच होता. बुबुळ, पापण्या, वर जाडजूड भुवई. सगळं धातूच्या बारीक चौकोनांचं, आणि नेमकं अशा जागी, जिथे धातूचा कणसुद्धा असायला नको होता.

विभागप्रमुख हेरवाडे सरांनी सकाळी दिलेलं काम तसं साधं होतं. "चिपमधला साहेबांचा चेहरा स्टेजच्या मागे लावायचाय. कारखान्याला गेलेली फाईल उघड आणि सहा फुटी प्रिंट काढून दे. शनिवारी वाढदिवस आहे."

साहेब म्हणजे रणधीर ऊर्फ रणूभाऊ खोबरे. चिप म्हणजे पेसमेकरची, माणसाच्या छातीत बसवायची. आणि कस्तुरी म्हणजे कोल्हापुरातल्या 'हृदयंगम डिव्हायसेस' या कंपनीत चिपचे नकाशे काढणारी इंजिनिअर.

पेसमेकरच्या चिपवर पुढाऱ्याचा चेहरा कसा आला हे समजायला थोडं मागे जावं लागेल. नाक धरून.

२०३४ साली रस्त्यावरच्या फ्लेक्सवर बंदी आली आणि ती चक्क पाळली गेली. (ही विज्ञानकथा आहे. इथे असं होऊ शकतं.) पण वाढदिवस थोडेच थांबतात? भावी नगरसेवक थोडेच थांबतात? पाण्याला वाट मिळाली नाही की ते भिंतीत मुरतं. फ्लेक्स चिपमध्ये मुरला.

चिप म्हणजे थरावर थर. एका थरात तारा, त्यावर काचेसारखा लेप, त्यावर पुन्हा तारा. प्रत्येक थर झाला की घासून सपाट करावा लागतो. कस्तुरीचे वडील भिंती रंगवायचे, त्यामुळे पुढची गोष्ट तिला कॉलेजात जायच्या आधीपासून ठाऊक होती. भिंतीला खळगा असेल आणि त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली नसेल, तर पॉलिश पेपर तिथे खोल जातो आणि भिंत पोट आत ओढल्यासारखी दिसते. चिपचंही तेच. म्हणून जिथे तारा नसतात त्या मोकळ्या जागेत धातूचे बिनकामाचे तुकडे भरतात. हे तुकडे कशालाच जोडलेले नसतात, काहीच करत नाहीत, फक्त जागा अडवून बसतात.

हे वर्णन ऐकल्यावर कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना पुढारी आठवले, यात त्यांची काही चूक नाही.

तर तुकडे भरायचेच आहेत, मग असे भरा की त्यांतून चेहरा दिसेल. 'रणूभाऊ हृदयस्पर्श योजना' अशी जन्मली. गरजूंना पक्षातर्फे फुकट पेसमेकर, आत धातूच्या तिसऱ्या थरावर रणूभाऊ, खाली अडतीस शुभेच्छुक. हे चित्र कुणालाही, कधीही दिसणार नव्हतं. मोहरीच्या दाण्यावर असे दोन रणूभाऊ बसले असते. पण फ्लेक्स तरी कोण बघत होतं? ठोका कसा द्यायचा हे ठरवायला कंपनीला तीन आठवडे लागले होते. शुभेच्छुकांचा क्रम ठरायला पाच लागले.

डोळ्याचं भांडण चार महिन्यांपूर्वीचं. पक्षाचा युवक शहराध्यक्ष सागर चौगले तेव्हा नकाशा तपासायला आला होता. पांढरा शर्ट, मनगटावर दोन घड्याळं, आणि दोन्हींत वेळ वेगळी.

"म्याडम, साहेबांचा एक डोळा कुठाय?"

"तिथे भराव बंद आहे."

"कुणी केला बंद? नाव सांगा फक्त."

"हृदयाने," कस्तुरी म्हणाली. "त्या डोळ्याच्या बरोबर खाली चिपचा कान आहे. हृदय स्वतःहून ठोका देतंय का, ते ऐकणारा. तो आवाज इतका बारीक असतो, की वर धातूचा पत्रा ठेवला तर शेजारच्या तारेतला गोंगाट त्या पत्र्यातून कानात शिरतो. म्हणून तेवढा चौकोन मोकळा सोडायचा. तो मोकळा ठेवण्यासाठी फाईलमध्ये वेगळा थर आहे. त्रेसष्ट नंबरचा."

"म्हणजे साहेबांना काणा करायचा?"

"चेहरा बाजूला सरकवा."

"बाजूला आमदार हायत, म्याडम. त्यांना सरकवायचं म्हटलं तर माझंच सरकतंय."

भांडण तिथेच राहिलं, कारण त्याच आठवड्यात कस्तुरीचे वडील शिडीवरून पडले आणि ती दहा दिवस रजेवर गेली. परत आली तेव्हा हेरवाडे सर म्हणाले, "डोळ्याचं मिटलं." चेहरा सरकवला असेल, असं तिला वाटलं. वडील घरी आले होते, फाईल कारखान्यात गेली होती. तिने विचारलं नाही.

आता तिने विचारलं. माणसाला नाही, फाईललाच.

चिपचा नकाशा ज्या पद्धतीच्या फाईलमध्ये लिहितात, ती पद्धत तिच्या वडिलांच्या पिढीची. तेव्हा फाईल टेपच्या रिळावर चढवून कारखान्यात धाडायचे. रिळं गेली, पद्धत राहिली, कारण ती साधी आहे. फाईलमध्ये फक्त आकार असतात, त्यांच्या कोपऱ्यांची मापं असतात आणि प्रत्येक आकाराला थराचा नंबर असतो. तो नंबर म्हणजे तार की भराव की बंदी, हे फाईलला ठाऊक नसतं. ते वेगळ्या कागदावर लिहिलेलं असतं. फाईलला हृदय हा शब्द माहीत नाही. तिला त्रेसष्ट माहीत आहे.

आणि कुणीतरी त्रेसष्टच्या आधी एक लावला होता.

एकशे त्रेसष्ट नंबरचा थर कुठल्याच कागदावर नव्हता. मोकळा सोडायचा चौकोन फाईलमध्ये जसाच्या तसा होता, पण आता त्याला कुणी ओळखत नव्हतं. तपासणीचा प्रोग्राम आला, त्याने त्रेसष्टवर काय आहे ते पाहिलं, काहीच नव्हतं, म्हणजे कसलीच बंदी नाही, म्हणजे सगळं उत्तम. त्याने हिरवी खूण केली. भराव करणारा प्रोग्राम आला आणि त्याने त्या जागी डोळा भरला. कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त एक आकडा वाढला होता, आणि ते करणाऱ्याला आपण चिप बिघडवतोय असं वाटलंही नसेल. साहेबांचा डोळा परत आणतोय, एवढंच.

दुपारपर्यंत तिने कॉम्प्युटरवर चिप चालवून पाहिली. पेसमेकर दर तासाला हॉस्पिटलच्या फोनशी बोलतो. तो बोलायला लागला की शेजारच्या तारेत सळसळ व्हायची, डोळा ती उचलायचा आणि खाली कानात ओतायचा. कानाला वाटायचं, वा, हृदय स्वतःच धडधडतंय. मग पेसमेकर शहाण्या माणसासारखा गप्प बसायचा. कधी दोन सेकंद, कधी चार. खालचं हृदयही तेव्हा गप्पच असायचं. दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत उभे.

अशा दोनशे चौदा चिपा तयार होऊन आल्या होत्या. शनिवारी सकाळी लाभार्थ्यांचा सत्कार होता आणि दुपारपासून बसवायला सुरुवात. लाभार्थी क्रमांक एक : श्रीपती पोवार, पेंटर, वय अडुसष्ट. शिडीवरून पडण्याचं कारण ऊन नव्हे, अधूनमधून अडकणारं हृदय आहे, हे गेल्याच महिन्यात कळलं होतं.

ते तिचे वडील होते, तिचे अण्णा.

हेरवाडे सर वडा खात होते. तिने दोन पानी अहवाल समोर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"चार सेकंद म्हणजे किती, कस्तुरी? एक जांभई."

"तुम्ही चार सेकंद हृदय बंद ठेवून दाखवा, सर."

"पण हे फोनशी बोलतानाच होतं ना? मग माहितीपत्रकात घालू. फोनवर बोलताना बसून घ्यावे."

"पेसमेकर बोलतो, सर. माणूस नाही. माणसाला कळतसुद्धा नाही कधी बोलतोय ते."

सरांनी विचार केला. "मग सारखंच बसून घ्यावे."

आणि अहवालाचं पहिलं पान घेऊन त्यांनी बोटं पुसली. नीट, एकेक बोट. कागदावरच्या आलेखात जिथे ठोका थांबला होता, तिथे तेलाचा पारदर्शक डाग पसरला, आणि त्यातून दुसरं पान दिसू लागलं. कस्तुरीने दोन्ही पानं त्यांच्यासमोरून उचलून घेतली.

योजनेच्या डॉक्टरांना तिने अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही. नंतर तिने नकाशा पाहिला. डॉक्टर शुभेच्छुकांत सहावे होते.

अण्णा घरी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. शनिवारसाठी.

"अण्णा, ते यंत्र बसवून घ्यायचं नाही."

"का? पक्षाचं चिन्ह बदललं काय?"

तिने सांगितलं. कान, डोळा, सळसळ. अण्णांनी कॉलर उलटवून इस्त्री केली.

"रणूभाऊच्या बापाची पहिली भिंत मी रंगवली. पुढं फ्लेक्स आला आणि आम्हाला कुत्रं विचारंना. आज पोरानं आठवण ठेवली. नंबर एक, कस्तुरे. स्वतः फोन केला त्यानं."

"तुमचा ठोका थांबेल."

"चाळीस वर्सं परांचीवर काढली. थांबतंय, चालतंय."

"थांबलं म्हणूनच पडलात ना?"

"खाली वाळू हुती."

"दर वेळी असेल?"

इस्त्री सदऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिली. कस्तुरीने ती उचलून बाजूला ठेवली.

"नावं जाहीर झाल्यात," ते हळू म्हणाले. "आता न्हाई म्हटलं तर पेठंत लोक म्हणतील, श्रीपती पेंटरनं ऐनवेळी शेपूट घातलं."

"म्हणू देत."

"तुला सोपं हाय. तू हापिसात अस्तीस." मग सदरा हँगरला लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "चित्र कुणी काढलंय?"

"मशीनने."

"मशीनला नाक काढाय येतंय?"

कस्तुरी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिला एक भिंत आठवली. ती सात-आठ वर्षांची असताना प्रचाराच्या शेवटच्या दिवशी अण्णांनी आख्खी वीस फुटी भिंत चुन्याने पुसून टाकली होती, कारण उमेदवाराच्या नमस्काराचा अंगठा चुकला होता. उमेदवाराने हात जोडले, खरेखुरे. अण्णा म्हणाले होते, अंगठा चुकलाय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने प्रिंटचा आकार सहा फुटांऐवजी सोळा फूट केला. चित्रातलं काही बदललं नाही, लपवलंही नाही. फक्त सोळा फूट, नाक लांबूनही दिसेल एवढं.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. मागे सोळा फुटी रणूभाऊ, पुढे पाच फुटी रणूभाऊ, आणि दोघांच्या मध्ये लाभार्थी खुर्च्यांवर. चित्र भयंकर होतं. चौकोनांच्या पायऱ्यापायऱ्यांचे ओठ, विटांच्या थप्पीसारखं नाक. लोक टाळ्या वाजवत होते. कस्तुरी तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिच्या पर्समध्ये अहवाल होता, तेलाच्या डागासकट. तिने ठरवलं होतं : चित्र बघूनही अण्णांनी नारळ घेतला की आपण उठायचं, माईक घ्यायचा आणि वाचायला लागायचं. नोकरी जाईल. अण्णा पुन्हा बोलणार नाहीत. पण न बोलायला ते असतील तरी.

"लाभार्थी क्रमांक एक! ज्यांनी मोठ्या साहेबांची पहिली भिंत रंगवली, ते श्रीपती पेंटर!" चौगले ओरडला.

अण्णा उठले. नारळ घ्यायच्या आधी ते वळले, आणि त्यांनी पहिल्यांदा चित्र नीट पाहिलं. खिशातून चष्मा काढला. मग एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरला. भिंतीवर चौकटी आखताना धरायचे तसा.

कस्तुरीचा हात पर्सवर होता. तो तिथेच राहिला.

"अण्णा, हिकडं बघा, फोटो काढायचाय," चौगले म्हणाला.

"थांब जरा." अण्णांनी अंगठा उजवीकडे नेला, डावीकडे नेला. मग माईकपाशी आले. "रणूभाऊ, तुमचा मस डाव्या गालावर हाय."

"होय की," रणूभाऊ हसले.

"हितं उजव्या हाय. भांगबी उलटा हाय."

सभागृहात सगळे मस शोधू लागले. कस्तुरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिपमध्ये तारा नीट बसाव्यात म्हणून नकाशाचा एखादा भाग आरशासारखा उलटा करून ठेवतात. फाईलमध्ये त्यासाठी एक खूण असते, बस. चेहऱ्याच्या भागाला ती खूण होती. शुभेच्छुकांची नावं वेगळी घातली होती, म्हणून ती सुलटी. चार महिने सगळे डोळ्यावरून भांडले, गालाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिनेही नाही.

रणूभाऊंनी स्वतःच्या गालाला हात लावला, मस जागेवर आहे ना ते पाहायला. तो होता. त्यांचा चेहरा पडला, म्हणजे पाच फुटी. सोळा फुटी हसतच होता.

"तुमच्या वडलांच्या सत्तेचाळीस भिंती केल्या मी," अण्णा म्हणाले, "कवा मिशीचा एक केस चुकला न्हाई. ठोका थांबला तर थांबू दे, त्याचं काय न्हाई. पण हे असलं ध्यान छातीत घालून मी फिरणार न्हाई." आणि नारळ न घेता खाली उतरले.

"चौगले," रणूभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, पण माईक चालू होता, "दोनशे चौदा लोकांच्या छातीत मी उलटा?"

दहा मिनिटांत सगळी ऑपरेशनं रद्द झाली आणि चिपा परत गेल्या. चार सेकंद थांबणाऱ्या हृदयाने जे झालं नाही, ते मसाने केलं. लोक कस्तुरीला म्हणाले, तुझे वडील काय बोलले! ती हो म्हणाली, सभागृहाच्या मागच्या बेसिनवर गेली आणि तिने तीन वेळा चूळ भरली. तोंडातली कडू चव गेली नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने अण्णांना दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं आणि दुसऱ्या कंपनीचा, जुन्या पद्धतीचा पेसमेकर बसवून घेतला.

"ह्याच्यात कोण हाय?" खाटेवरून अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही. नुसते चौकोन."

"मोकळी भिंत," अण्णा म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्यानंतरच्या सोमवारी हेरवाडे सरांनी तिला बोलावलं. चेहरा सुलटा करायचा, चिपा नव्याने काढायच्या, लाभार्थी तेच. "आणि डोळे दोन हवेत, कस्तुरी. साहेबांनी मोजायला माणूस ठेवलाय."

चेहरा सुलटा केला की मोकळा चौकोन दुसऱ्या डोळ्यावर येत होता. तिने राजीनामा लिहिला. मग तिला वाटलं, आपण गेलो की इथे कोण बसेल? जो कोणी बसेल तो डोळा भरेल. तो कागद आणि सुलट्या चेहऱ्याचा नकाशा, दोन्ही घेऊन ती घरी आली.

अण्णांनी राजीनामा वाचला नाही. नकाशा बघितला.

"ह्यो डोळा का गाळलास?"

"तिथे काही भरायचं नसतं. भरलं की माणसं पडतात."

"मग गॉगल घाल की."

"काय?"

"ज्या पुढाऱ्याचा डोळा जमंना, त्याला गॉगल. धंद्यातली पहिली युक्ती हाय ही. निम्म्या जिल्ह्याला मीच गॉगल घातलाय."

कस्तुरी नकाशाकडे बघत राहिली. धातू म्हणजे उजेड, मोकळी जागा म्हणजे काळं. गॉगल म्हणजे काहीच न भरणं. दोन काळे चौकोन, मध्ये एक दांडी. एका चौकोनाखाली चिपचा कान, निवांत, डोक्यावर काही नाही.

तिने चौकोन पुन्हा त्रेसष्ट नंबरवर आणला आणि रणूभाऊंना गॉगल घातला. कॉम्प्युटरवर चिप तीन दिवस चालवली, एकही ठोका चुकला नाही. मग चौगलेला चित्र दाखवलं.

"नाद खुळा, म्याडम! साहेब एकदम हिरो दिसायलेत."

"हा गॉगल त्रेसष्ट नंबरच्या थरावर आहे," कस्तुरी शांतपणे म्हणाली. "कुणी नंबर बदलला तर जाईल."

"कोण बदलतंय बघतो की!" त्याने दोन्ही घड्याळांचा हात टेबलावर आपटला. त्या दिवसापासून तो रोज ऑफिसात येऊन त्रेसष्ट नंबर जागेवर आहे का ते विचारून जाई. एकदा हेरवाडे सरांनी नुसती फाईल उघडली, तर त्याने त्यांची कॉलर धरली. तपासणीच्या प्रोग्रामपेक्षा हा बरा होता. दोनशे तेरा माणसांचं हृदय आता सागर चौगलेच्या भरवशावर होतं, आणि ते सुरक्षित होतं. हे स्वतःशी म्हणताना कस्तुरीला दर वेळी शिसारी यायची. तरी ती म्हणायची, कारण ते खरं होतं.

फाईल पाठवायच्या आदल्या संध्याकाळी तिने ती घरी अण्णांना दाखवली. गॉगल, सुलटा भांग, डाव्या गालावर मस. अडतीस शुभेच्छुकांच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, थोडी जागा उरली होती. अण्णा आपल्या प्रत्येक भिंतीवर त्याच कोपऱ्यात बारीक अक्षरात सही करायचे.

"अण्णा, इथे तुमचं नाव घालू? गॉगल तुमचाच आहे. कुणाला दिसणार नाही."

अण्णांनी चष्मा लावला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं.

"नगं," ते म्हणाले. "नाकाची वीट झालीया. असल्या चित्राखाली माझं नाव नगं."

कस्तुरीने कोपऱ्यात नुसते चौकोन भरले.